नवसापुढे भात

बेळगाव, २ जुलै २०२५

ती. गुणाआत्तीस, दिपालीचा सा. न. वि. वि.

जांबोटीला पावसात रेंज नसते, म्हणून पत्र. सैन्यभरतीची धाव तेवीस तारखेला आहे. आठ मिनिटांत सोळाशे मीटर, म्हणजे मैदानाच्या चार फेऱ्या. वयाच्या अटीमुळे ही माझी शेवटची संधी. वजन उतरावं म्हणून महिनाभर भात-भाकरी बंद केलीय; अंडी आणि उसळी तेवढ्या खाते. तरी तिसऱ्या फेरीलाच पाय जड होतात. तू पाठवलेला तांदूळ घरमालकीण रुक्माबाईंना दिला. रागावू नकोस. माया आहेच, ती पातळ करू नकोस.

तुझी दिपाली

जांबोटी, ७ जुलै

चि. दिपालीस, गुणाआत्तीचे अ. उ. आ.

आधी रागावून घेते. माझा तांदूळ रुक्माबाईंना? आमच्या नर्स यशोदाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, भात-भाकरीची साखर होऊन स्नायूंत आणि यकृतात साठते. जोरात पळताना शरीर आधी तीच खर्च करतं. अंडी, डाळी झिजलेलं भरून काढतात. चरबी सावकाश जळते. मला चुलीमुळे पटलं. काटक्या नसतील तर नुसता ओंडका भडकत नाही. तेव्हा मुकाट्याने भात खा, पळायच्या दोन-तीन तास आधी. माझा सूरज तांदूळ आणतोय. इथे रोपलावण चाललीय. मी सध्या ताकावर आहे, का ते विचारू नकोस.

माया घट्टच आहे.
तुझी आत्ती

बेळगाव, २४ जुलै

ती. आत्तीस, सा. न. वि. वि.

भात खाल्ला आणि काल चारही फेऱ्या पळाले. पण आज पुन्हा आलेल्या सूरजने सगळं सांगितलं. मी पास होईपर्यंत भात-भाकरी सोडायचा नवस बोललीस आणि लावणीत चक्कर येऊन चिखलात बसलीस! मला शिकवतेस आणि स्वतः उपाशी राबतेस? लई शहाणी! मी फार घाबरले गं. आता हे पत्र सूरजच आणतोय; निकाल त्याच्याकडे वेगळ्या बंद पाकिटात आहे. त्याच्यासमोर ताटभर भात खाल्लास तरच तो देईल.

तुझीच, पण रुसलेली
दिपाली

जांबोटी, २६ जुलै

चि. दिपालीस, अ. उ. आ.

मला वाटलं होतं, नवसाच्या माणसाला शरीराचे नियम लागत नाहीत. लागतात.

सूरजने ताट पुढ्यात ठेवलं. निकाल न कळता नवस मोडायचा होता, म्हणून आधी हात जोडले. देवाला सांगितलं, राग काय तो माझ्यावर काढ, पोरीवर नको. आमटी कालवून सगळा भात खाल्ला. मग सूरजने पाकीट फोडलं. सात मिनिटं चाळीस सेकंद, पास. खूप रडले गं. सूरजने विचारलं, आणखी वाढू का. मी डोळे पुसले आणि ताट पुढे केलं.

पोटभर आशीर्वाद.
तुझी आत्ती