डेलियांजवळचे हात

प्रिय ओदिल,

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. तुझ्या बाबांनी ते मोठ्यानं वाचलं. लग्नाच्या जेवणाला आईचं बागेतलं चित्र तुझ्या खुर्चीमागे हवं, म्हणजे आई आल्यासारखं होईल, हे वाचून ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "खोकं कोण करणार? मला खिळे ठोकता येत नाहीत." खोकं मीच केलं. शुक्रवारच्या गाडीनं ते तुझ्याकडे रुआँला निघेल.

चित्र पुसताना तुझी आठवण आली. शाळेला निघताना तू स्टुलावर चढून त्यातल्या हाताचा पापा घ्यायचीस. तिथला रंग तेवढाच गुळगुळीत झालाय. मी वेणी घालायला आले की मात्र "तुझे हात खरखरीत आहेत" म्हणून पळायचीस. तेरा वर्षांची असताना पाहुण्यांसमोर म्हणालीस, "आईचे हात बघा आणि हिचे बघा. धोबीण ती धोबीणच!" त्यातल्या एका जाणकारानं मग समजावलं, की हातांवरची गुलाबी झाक शेजारच्या लाल डेलियाच्या फुलांची आहे, उन्हात रंग असे एकमेकांवर पडतात. बाबांनी विषय बदलला. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी तुला सूप अळणी वाढलं, ते मुद्दाम.

आता तुझी स्वतःची बाग आहे. आमच्याकडे डेलिया ऑगस्टशिवाय फुलत नाही, हे तुला माहीत असेल. तुझी आई जूनमध्ये गेली. चेहरा, टोपी, छत्री तिचीच. बाबांनी ते मे महिन्यात रंगवलं, रोज दहा ते अकरा, ऊन असेल तरच. समोर नाही ते रंगवायचं नाही, हा त्यांचा हट्ट. ऑगस्टमध्ये मी धुतलेले कपडे द्यायला आले, तेव्हा ते म्हणाले, "फेलिसी, तिचा पांढरा झगा घालून तासभर बसशील? चेहरा झालाय, हात राहिलेत." मी सतरा सकाळी बसले. तू चार वर्षांची, माझ्या पायाशी मातीत खेळत होतीस. ती झाक डेलियांची नाही गं, कपडे उकळायच्या राखेच्या पाण्याची आहे. बाबा म्हणाले होते, "पोरीला सांगू नकोस, तिच्याकडे तेवढंच उरलंय." म्हणून बाबांशी लग्न करून या घरात आल्यावरही, सोळा वर्षं नाही सांगितलं.

आमंत्रणावर एकट्या बाबांचं नाव आहे. नजरचुकीनं राहिलं असेल, असं ते म्हणतात. मला तसं वाटत नाही, आणि वाईट वाटलं. चित्र तुझंच आहे, ते येईलच. म्हणजे कोपरापासून खाली मी तुझ्या लग्नाला येतेच आहे. बाकीचीनंही यावं असं वाटलं तर गुरुवारपर्यंत कळव. बाबांच्या कोटाबरोबर माझ्याही झग्याला इस्त्री करून ठेवीन.

तुझीच,
फेलिसी