आजनंतरची माझी वाक्ये

मी, आभा विश्वासराव चिटणीस, निवृत्त संगणक-प्राध्यापिका, राहणार फतेगंज, बडोदे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. भीती वाटते आहे. ती दडपणात मोडत नाही, असे वकील प्रतापसिंह म्हणाले.

१. फतेगंजचा फ्लॅट आणि बँकेतल्या ठेवी मुलगा ओजस व मुलगी रसिका यांना निम्म्या-निम्म्या.

२. माझी लाल पेने आमच्या विभागातल्या अरविंदसरांना. कर्ता कुठला, क्रियापद कुठले, अशा खुणा माणसाने करून दिल्याशिवाय यंत्र भाषा शिकणार नाही, असे ते भर सभेत म्हणाले होते. मी घरी बनवलेल्या यंत्राला एकही खूण करून दिली नाही. नुसते घरातले बोलणे ऐकवत राहिले. वाक्य कसे बांधायचे ते यंत्राने आपले आपण ओळखले. सरांनी आता खुणा करत बसावे.

३. तांब्याचे घंगाळ रसिकाला. मंदावन्संचा त्यावर डोळा आहे. साक्षीदाराला काही न दिलेले बरे, असे वकील म्हणतात. म्हणून वन्संना मुद्दाम साक्षीला बसवले आहे.

४. यंत्र ओजसला. खरी भीती इथे आहे. माझ्या दुखण्यात समज बरीच टिकेल, पण बोलणे आधी मोडेल, असे डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून ओजस माझा शब्दन्‌शब्द यंत्राला ऐकवतो. त्याला आई जपून ठेवायची आहे. परवा चहा उतू जात होता. "गॅस बंद कर" म्हणायला गेले, तर "बंद चहा गॅसला" असे तोंडातून निघाले. हे आता वरचेवर होते. काल यंत्राने आपणहून वाक्य केले, "बंद दार खिडकीला." चूक म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवलेलेच नाही. कानावर पडेल ते त्याला बरोबर. मी मोडत जाईन आणि ते तेच शिकेल.

"मम्मी, तू खालीखोटी चिंता करते," ओजस म्हणतो. उगाच नाही करत.

तरी आजच्या तारखेनंतरचे माझे एकही वाक्य यंत्राला ऐकवू नये.

"आभाबेन, हे कलम नाही चालणार. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं," प्रतापसिंह म्हणाले. ठाऊक आहे. म्हणून सही झाल्याबरोबर ओजसने हे सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. मला धीर होत नाही.

५. यापुढचे माझे बोलणे ओजसच्या वाट्याला. बाळा, ते तू ऐक. समजले नाही तरी उठून जाऊ नकोस.

सही: आभा विश्वासराव चिटणीस

आमच्यादेखत सही झाली. सही त्यांचीच.
साक्षीदार: १. मंदा बळवंतराव घोरपडे, नणंद
२. स्नेहल माने, शेजारी

बडोदे, १४ नोव्हेंबर २०२५