भट्टीची शेवटची आच

तुनिस, ५ मे

ती. लमजदमामांस, दुर्राचा सलाम.

१. शनिवारी तुम्ही तुमच्या जैतुनाच्या रानात सापडलेली रोमन भट्टी पेटवली.
२. तिच्यात पाहुण्यांसाठी ताटं भाजली. मग निवत्या आचेवर मडक्यांत मेंढा शिजवला.
३. सोमवारी मी नमुने घ्यायला येणार, हे तुम्हाला माहीत होतं. आले तेव्हा राख कोमट होती आणि तुम्ही घरी नव्हता.

फोन उचलत नाही, म्हणून पत्र. भट्टीची माती तापून निवते तेव्हा चुंबकाची उत्तर दिशा तिच्यात उमटते. ही दिशा हळूहळू सरकत असते, म्हणून त्या खुणेवरून शेवटची आच कधीची ते काढता येतं. सोळाशे वर्षं टिकलेली खूण तुम्ही एका जेवणापायी पुसलीत. आईला सांगितलं, तर म्हणाली, मटण लुसलुशीत होतं.

तुमची भाची,
दुर्रा

नाबुल, ७ मे

चि. दुर्रा हिस अनेक आशीर्वाद.

बाईसाहेब, पत्र पोचलं. पिढीजात कुंभारांच्या घरात तू पहिलीच, जिला पेटलेली भट्टी बघवत नाही! भट्टी काय थंड ठेवायला बांधतात? विटांना भोकं पाडत हिंडतेस आणि वर मलाच शिकवतेस. काळ हवा तर ‘फार जुनी’ असं लिही. भट्टी थोडीच साक्षीला येणार आहे? सोळा तारखेला माझ्या मुनीरच्या लग्नात शेजारची दुसरी रोमन भट्टी पेटवतोय. जेवायला ये, पार वाळली आहेस. आणि अहवालात माझं नाव घालायचं कबूल केलंयस, ते विसरू नकोस.

माया असू दे.
तुझा मामा

तुनिस, ९ मे

ती. मामांस सलाम.

भट्टी साक्षीला आली. सोमवारचे नमुने तपासले. शेवटची आच: याच वर्षीची. इतकी बिनचूक तारीख आमच्या विभागात आजवर कुणी काढली नव्हती, श्रेय तुमचं. अहवालात तसं लिहिलं आहे: या भट्टीचे शेवटचे कुंभार, लमजद. शेवटचा माल, ताटं आणि मेंढा.

माझा प्रबंध दोन भट्ट्यांवर उभा होता, आता एकीवर आहे. तीही पेटली तर प्रबंध संपला, आणि तुमचं नाव दोनदा येईल.

लग्नाला येईन. मटण घरच्या भट्टीत करा. लोभ आहे, सध्या एका भट्टीएवढा उरला आहे. ती पेटवणार नाही, असं गुरुवार, १४ मेपर्यंत लिहून कळवा.

दुर्रा