मिठाची सवय

४ जुलै
स्वयंपाकाच्या वर्गात मॅडमनी आज सगळ्यांसमोर माझं सूप परत पाठवलं. "काका, यात मीठच नाही."
मला बरोबर लागलं होतं. दोनदा चाखलं होतं.
शेजारच्या ओट्यावर एक टॅक्सीवाला शिकतो. तो म्हणाला, "काका, मिठाला हात लावला तर शॉक बसत नाही." सगळे हसले. मीही हसलो.

५ जुलै
मॅडमनी पाच कप मांडले. भाज्या उकळलेलं एकच पाणी, मीठ मात्र प्रत्येकात कमी-जास्त. चाखून चढत्या क्रमाने लावायचे. टॅक्सीवाल्याने झटक्यात लावले. माझं दुसऱ्याच कपात तोंड खारट झालं. पुढचे सगळे नुसता समुद्र.
"घरी कुणाला पथ्य आहे का?" मॅडमनी बाजूला घेऊन विचारलं.
"बायकोला. किडनी."
'होतं' म्हणायचं राहिलं.

७ जुलै
तिचं मीठ बंद झालं तेव्हा मीही सोडलं. स्वयंपाक माझ्याकडे आला. लिंबू, मिरी, भाजलेला लसूण — यावर भागवायचो. ती चिडायची. "आजारी मी, आणि पथ्य तुम्हाला कशाला?"
मुलगी कधी खारे शेंगदाणे आणायची. बायको पुडी माझ्यापुढे धरायची — "तुम्ही खा हो. मी बघते."
नाही खाल्ले. आता वाटतं, तेवढं बघू द्यायला हवं होतं तिला.

११ जुलै
मॅडम स्पष्ट बोलल्या. "लोकांना जेवू घालायचं तर त्यांच्या जिभेने चाखता आलं पाहिजे. घरच्या जेवणात थोडं थोडं मीठ वाढवत न्या. जीभ विसरते तशी शिकतेही. नाहीतर प्रात्यक्षिकात मी तुम्हाला पास करू शकणार नाही."
पास व्हायचं आहे. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात घेतील. कुणासाठी तरी रोज काही शिजवायला मिळेल.
पण घरात मीठच नाही.

१२ जुलै
मीठ आणलं. पुडा फोडला नाही.

२० जुलै
मुलीचा फोन. "बाबा, घाला हो. आई असती तर तिनेच वाढलं असतं."
घातलं. अर्धी चिमूट. जेवताना समोरच्या खुर्चीकडे बघवेना. चोरून खातोय असं वाटत होतं.

२८ जुलै
एक चिमूट.

९ ऑगस्ट
पुन्हा पाच कप. एकच चुकला. टॅक्सीवाला म्हणाला, "काका माणसात आले."
घरी उकडलेल्या बटाट्याला मीठ लावून खाल्लं. छान लागलं. मग उगीचच ताट लगेच धुवून टाकलं.

२ सप्टेंबर
प्रात्यक्षिक झालं. मोठं पातेलंभर सूप. मीठ दोनदा घातलं, मधे चाखलं, थांबलो. मॅडमनी एक चमचा घेतला, मग दुसरा घेतला. "काका, याला आता कुणी हात लावू नका."
पास!
घरी येऊन कुलूप उघडताना तोंडात वाक्य तयार होतं. दार उघडलं आणि ते तसंच राहिलं.

३ सप्टेंबर
आज तिचं सूप केलं. तसंच — लसूण भाजून, वरून लिंबू, मीठ नाही.
अळणी लागलं. घशाखाली उतरलं नाही.