बटन चालूच

लुंबिनीच्या पप्पांना,

जयभीम. आपली तोडलेली लाईट आज परत जोडली. विहारातल्या महिला मंडळानं बिल भरलं, खोलीचं थकलेलं भाडंबी दिलं. "लाईट आणल्याबिगर तोंड दाखवत न्हाई," असं म्हणून तुम्ही लातूर सोडलं. आता तर या.

वायरमननं खांबावर तार जोडली अन् तुमच्या खाटेवरचा पंखा आपोआप फिरायला लागला. बटन चालूच ठेवून गेला होता तुम्ही. जन्मभर ह्याच्यावरूनच वरडले मी तुमच्यावर! आज लुंबिनी बंद कराया उठली, तर तिच्यावरबी वरडले. मोकळ्या खाटेवर पंखा फिरत राहिला अन् मी नुसती बघत राहिले.

तुमचा पत्ता ठाऊक असता तर हे टपालात टाकलं असतं.

बटन मी बंद करणार न्हाई. तुम्ही येऊन करा.

तुमची,
पंचशीला