मलूल आणि लुळा

आये, आज आठवीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "बाई, मलूल म्हणजे लुळा का?" शेवटचा तास होता, माझा घसा बसलेला. मी कोशातला अर्थ फळ्यावर लिहून दिला: निस्तेज, कोमेजलेला, गळून गेलेला. मुलींनी उतरवून घेतला, घंटा झाली. घरी येऊन चहाही न टाकता हे लिहायला बसले आहे.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. मासळी बाजारात तुझ्या शेजारी बसले आहे. एक बाई सुरमई उचलून बघते आहे आणि मी शहाणपणाने म्हणते, "आये, ही मलूल झालीय." बाई सुरमई ठेवून पुढे गेली. मला वाटलं, आता पाठीत बसणार. तू एवढंच म्हणालीस, "मासा मलूल होत नाय गो. नरम पडला की संपला तो. मलूल जित्याला म्हणतात. तापात तू पडली होतीस ना, तशी. पेज पाजली की उठतं, ते मलूल." आणि पाटीवरच्या माश्या हाकलत पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारलीस. इतकी वर्षं मराठी शिकवते आहे, पण याहून नेमका अर्थ मला कुठे सापडलेला नाही.

मी शाळेत शिकवायला लागले त्याच वर्षी तुझी डावी बाजू गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं आणि मी तुझ्यादेखत सांगून टाकलं, "सकाळपासून हात लुळा पडलाय." तुझं तोंड वाकडं झालं होतं, शब्द घसरत होते, तरी तू मान वळवलीस. "लुळा नको बोलू. मलूल झालाय. उठल."

तो उठला नाही. शेजारणी विचारायच्या, "हात कसा हाय?" तू सांगायचीस, "मलूल हाय अजून." एकदा मी शाळेतून आले तर तू विळी पायाखाली धरून बसली होतीस. उजव्या हाताने डावा उचलून बांगड्यावर ठेवत होतीस आणि तो पुन्हा पुन्हा घसरत होता. मी विळी काढून फळीवर ठेवली. "राहू दे इथंच," तू म्हणालीस. मी ऐकलं नाही. त्यानंतर तू मागितली नाहीस.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. सकाळ-संध्याकाळ त्या हाताला तेल चोळायचं माझ्याकडे होतं. तुझ्या शेवटच्या महिन्यात शाळेत परीक्षा होत्या, मी दमून यायचे. तू डोळे मिटून पडलेली असायचीस. त्या हाताला स्पर्श कळत नाही, हे मला ठाऊक होतं. तू विचारायचीस, "लावलंस गो तेल?" मी म्हणायचे, "लावलं." लावलेलं नसायचं. एखाददुसऱ्या दिवशी नव्हे, बरेच दिवस.

तू म्हणायचीस, "आता जरा हलका वाटतो."