जामीनदाराची तब्येत

३ मार्च
सुटलो! म्हणजे अर्धा. तीन वर्षांची शिक्षा आहेच, पण अपिलाचा निकाल लागेपर्यंत जामीन. न्यायाधीश म्हणाले, अपील ऐकायला येईस्तोवर शिक्षाच भोगून संपेल. गुन्हा काय? नोंदणी कचेरीत न वाचता सही ठोकली आणि एका धडधाकट माणसाचा मृत्यूदाखला दिला. त्याच्या बायकोने विमा उचलला, दोघं पसार, आणि मी आत!

जामीन राहायला सख्खा भाऊ आला नाही. आले कोण? सासरेबुवा! अट एकच— मी त्यांच्याच पत्त्यावर राहायचं. "या जावईबापू," दारातच म्हणाले. "चपला बाहेर राहू द्या. चोरीला जात नाहीत, चोर आता घरातच आहे."

९ मार्च
वकीलबाईंनी शांतपणे सांगितलं— जामीनदार गेला की जामीन गेला. दुसरा आणा, नाहीतर आत जा. दुसरा कुठून आणू? सासरेबुवांचं वय अठ्ठ्याहत्तर. वर बीपी. माझी पाचावर धारण बसली.

१० मार्च
स्टुलावर चढून पंखा पुसत होते! ओरडलोच— "उतरा खाली! माझी तीन वर्षं आहेत वर!"

२२ एप्रिल
सातला गोळी, आठला फिरणं. ते पुढे, मी दोन पावलं मागे. मिठाची डबी माझ्या खिशात. बायको म्हणाली, "माझ्या बाळंतपणात पाणीसुद्धा विचारलं नाहीत!"
खरं आहे. पण तेव्हा मला शिक्षा झालेली नव्हती.

२ जून
शिंकले. दोनदा. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "असा मुलगा नशिबाने मिळतो हो."
"मुलगा नाही," सासरेबुवा म्हणाले. "गुन्हेगार आहे."

१७ ऑगस्ट
अपील परत पुढे गेलं. मला सोमवारी चौकीत हजेरी, म्हणून वकीलबाईंकडे सासरेबुवाच जातात. बसने जाऊ नका म्हणतो, ऐकतील तर शपथ. आल्यावर म्हणाले, "पडली पुढची तारीख. कोर्टच ते!"
हत्ती गेला, शेपूट राहिलं. ते काही निघत नाही.

५ डिसेंबर
हल्ली संध्याकाळी पत्ते. लबाडी करतात. म्हटलं, गुन्हा दाखल करू? इतके हसले, इतके हसले, की मी घाबरून पाठ चोळत बसलो.

११ फेब्रुवारी
सासरेबुवांना सर्दी, म्हणून वकीलबाईंकडे मीच गेलो. त्यांचा कारकून माझ्या पायाकडे बघून म्हणाला, "जुळलं का हाड?"
कसलं हाड? त्याने फाइलच उघडली. मे महिन्यात मला कावीळ झालेली. ऑगस्टमध्ये कांजिण्या. नोव्हेंबरात जिन्यावरून पडलो, पाय मोडला. दर वेळी तारीख पुढे, आणि दर वेळी निरोप सासरेबुवांचा. दोन बस बदलून आणलेला!
वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, सरळ सुटण्यासारखं प्रकरण आहे. वीस तारखेला सुनावणी. सुटलात की नोकरी परत, घर परत."

घरी येऊन तडकलो. खोट्या दाखल्यापायी मी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतोय, आणि हे मला घरबसल्या कांजिण्या काढतायत!
ते पत्ते पिसत होते. वर न बघता म्हणाले, "सुटलात की तुम्ही दोघं जाणार. मग मी शिंकलो तर कोण विचारणार?"
मला भयंकर राग आला होता. अजूनही आहे.

१९ फेब्रुवारी
उद्या सुनावणी. शर्टाला इस्त्री केली. बायकोने अर्धं सामान बांधलंसुद्धा. सासरेबुवांनी आज न सांगता गोळी घेतली, आणि जीभ बाहेर काढून मला दाखवली.

२० फेब्रुवारी
मला गोवर निघालाय. निरोप मीच पोचवून आलो. दोन बस बदलून.